घाणेरीची वई

कागदाच्या तिसऱ्या पानावर मी सुकरीमावशीला ओळखलं. तिचं नाव तिथे नव्हतं. तिच्या पाड्याचं नव्हतं, तिच्या गाईचं तर नव्हतंच. 'पशुपालकांचा निष्काळजीपणा हा चराऊ कुरणांतील तणनियंत्रणातला एक प्रमुख अडथळा आहे,' एवढंच एक वाक्य होतं. ते मी दोनदा वाचलं. हे वाक्य माझं होतं. आठ वर्षांपूर्वी मी ते एका बाईबद्दल आणि एका मेलेल्या गाईबद्दल लिहिलं होतं. मधल्या काळात या अहवालातून त्या अहवालात फिरता फिरता ते धष्टपुष्ट झालं होतं आणि आता यच्चयावत गुराख्यांच्या माथी बसलं होतं.

तो कागद एका बैठकीसाठी आला होता. गायरानांतली तणं आणि पुढच्या काळात त्यांच्यावर कोणतं संशोधन व्हावं, यावर प्रत्येकाने पाच विषय सुचवायचे होते, महत्त्वाच्या क्रमाने. सोबत आजवर झालेल्या कामाचा आढावा म्हणून ही पानं. मी एका कृषी विद्यालयात तणशास्त्र शिकवते, त्यामुळे असे कागद मला येतात आणि खरं सांगायचं तर मी ते भाजी निवडता निवडता भरून टाकते. पहिला विषय जैविक नियंत्रण, दुसरा बियांचा साठा, तिसरा हवामान. आपण लिहितो, ते छापतात, जेवण बरं असतं. त्या सकाळी मात्र मेथीची जुडी तशीच पडून राहिली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बोईसरला ऋतू फारसे कळत नाहीत. कंपन्यांचे भोंगे बारा महिने एकाच सुरात वाजतात, शिफ्टच्या बसगाड्या त्याच वेळेला येतात आणि त्यातून उतरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर कार्तिक आहे की चैत्र हे काही लिहिलेलं नसतं. पण दिवाळी उलटली की गवताचे ट्रक जायला लागतात. चिल्हारच्या बाजूने येतात, पोट दोन्ही अंगांनी फुगलेले, आणि मुंबईकडच्या तबेल्यांकडे निघून जातात. मागे रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांना वाळल्या गवताच्या बटा लोंबत राहतात. दुपारच्या उन्हात त्या गवताचा वास येतो, गोडसर, भाजलेल्या कणसासारखा. तो वास आला की मला सात-आठ मैल लांबचं ते माळरान दिसतं. दरवर्षी दिसतं. या वर्षी तर कागदानेच ते समोर आणून ठेवलं.

मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा हातात तणशास्त्राची पदवी होती आणि समोर कंपन्यांच्या चिमण्या. नवरा म्हणाला, इथे तण कुठे शोधणार तू, गटारात? त्याला वाटलं मी घरी बसेन. पण वर्षभरात मासवणच्या पुढे एका चारा प्रकल्पावर मला काम मिळालं. सूर्या नदी ओलांडून, शेताच्या बांधाबांधाने चढून गेलं की बारा घरांचा एक पाडा होता आणि त्याच्या डोक्यावर त्याचं गायरान. पहिल्या दिवशी ते पाहून मी हरखले होते. चहूकडे हिरवंगार! आणि त्या हिरव्यात गुरं उभी होती बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मला काही कळेना. एवढ्या हिरवळीत जनावर उपाशी कसं?

"हिरवा दिसला म्हंजे चारा नाय, बाय," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. ती सुकरी. पन्नाशीची असेल. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात बांबूची काठी, आणि डोळे कायम कुठल्यातरी गाईच्या तोंडावर. तिचा नवरा पाड्याचा गोवारी होता, म्हणजे सगळ्या घरांची गुरं राखणारा. तो गेल्यावर पाड्याने नवा माणूस शोधायच्या आत ही दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन गुरांपुढे उभी राहिली. लोक आधी हसले, मग गप्प बसले. मळणी झाली की प्रत्येक घरातून एक टोपली भात तिच्या घरी जायचा आणि दिवाळीतल्या वाघबारशीला माळावरच्या वाघदेवाच्या दगडापुढे खिरीचा पहिला द्रोण तिने ठेवायचा. गोवाऱ्याचा तो मान. बाई गोवारी म्हणून तिला तो मान मिळू नये, असं कोणी तोंडातून काढलं नाही.

पाड्यावर सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, साहेबालासुद्धा. मला आधी दचकायला व्हायचं, मग त्याची इतकी सवय झाली की घरी सासूबाईंना एकदा चुकून 'तू' म्हणून बसले. मी सुकरीला मावशी म्हणे, ती मला बाय.

मी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट घेऊन माळावर फिरत असे. चौकट टाकायची, तिच्या आत किती गवत आणि किती तण ते मोजायचं, लिहायचं, पुढे जायचं. मावशी दुरून बघायची.

"त्या चौकटीत काय सापडला?"

"तण किती आहे ते मोजते."

"मोजून कमी व्हतां?"

मी हसले होते. आज आठवलं की वाटतं, त्या एका प्रश्नावर खरं तर एक बैठक भरवायला हवी. तिचं मोजमाप वेगळं होतं. ती गाईच्या मागून चालायची आणि गाय कशाला तोंड लावते, काय हुंगून सोडते, कुठे नुसती मान वळवते हे बघायची. तिने मला टाकळा दाखवला, जो पहिल्या पावसात आपण भाजी करून खातो आणि मोठा झाला की बैलसुद्धा ज्याच्याकडे पाठ फिरवतो. रानमोडी दाखवली. रस्त्याचं काम झालं त्या वर्षी खडीबरोबर आली म्हणाली. आणि माळाच्या वरच्या अंगाला दाखवली घाणेरी. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, काळ्या मण्यांसारखी फळं, अंगभर बारीक काटे. तिचं एक पान चुरगाळून तिने माझ्या नाकाशी धरलं. "हा वास हाय ना, ह्योच गाईला सांगतो का नको खाव."

मला तो वास धड आलाही नाही. बोईसरात राहणाऱ्याचं नाक फार लवकर शहाणं होतं, म्हणजे काम करायचं थांबतं. मी मान डोलावली आणि वहीत 'उग्र गंध' असं लिहिलं.

त्या वर्षी आश्विनात आम्ही घाणेरी तोडली. पाड्यातली सगळी माणसं आली होती. कोयत्यांचे आवाज, बायकांची गाणी, कोणाच्या पायाला काटा, कोणाच्या डोळ्यात कुसळ. तीन दिवसांत माळाचं वरचं अंग मोकळं झालं आणि खालून मारवेल गवताची विरळ, फिकी, उन्हाला न सरावलेली पाती वर आली. मावशी त्या गवतावर हात फिरवत राहिली, आजारातून उठलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो अभिमान मला अजून आठवतो आणि आठवला की लाज वाटते.

प्रश्न उरला तोडलेल्या ढिगांचा. प्रकल्पाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 'मुळासकट उपटून जाळावे.' पुस्तिका लिहिणाऱ्याने कार्तिकात हे माळरान पाहिलेलं नसावं. त्या दिवसांत इथे जिकडेतिकडे कापलेलं गवत वाळत पडलेलं असतं, खळ्यावर भाताच्या भाऱ्यांची उडवी रचलेली असते, एक ठिणगी पडली तर वर्षाचं सगळं जाईल. विस्तवाची वेळ इथे ठरलेली आहे. फाल्गुनात, भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजायचं, त्याला राब म्हणतात. त्यात जमिनीतलं तणाचं बी जळून जातं. तण मारायची ही युक्ती माझ्या शास्त्रापेक्षा किती तरी जुनी आहे. पण फाल्गुन अजून चार महिने लांब होता. कार्तिकात माळावर काडी ओढायला कोणी तयार होईना आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मळणी आटोपली की इथे गुरं मोकळी सोडतात, शेताशेतांतून हवी तशी फिरतात. म्हणून घरापुढच्या वाडीत वाल, वांगी, मिरची लावायची तर भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालावं लागतं. त्याला वई म्हणतात. मी म्हटलं, जंगलातून काटे कशाला आणता? घाणेरीचे ढीग आयते पडलेत, त्यांचीच वई घाला.

सगळे मावशीकडे बघायला लागले. गुरांची गोष्ट होती, तिनेच बोलायचं होतं.

"घानेरी घराजवल आनत नाय आमी," ती म्हणाली.

"का?"

"नाय आनत."

"अगं मावशी, तूच तर म्हणतेस ना, गुरं तिला तोंड लावत नाहीत? मग हिच्यासारखी वई कोणती?"

 तिच्याजवळ कारण नव्हतं, नुसती रीत होती. माझ्याजवळ कारण होतं. आपल्याकडे अशा वेळी कोण जिंकतं हे सांगायला नकोच. "तू शिकलेली हायेस," ती म्हणाली आणि पहिली वई तिने स्वतःच्या वाडीला घातली, म्हणजे बाकीचे घालतील. मी तिचा वईसमोर उभा करून फोटो काढला. टाकाऊतून टिकाऊ, असं त्याखाली लिहून प्रकल्पाच्या साहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

तिची स्वतःची गाय एकच. चांदी. पांढरी, पाठीवर आणि कानांवर काळे ठिपके. त्या दिवसांत ती गाभण होती, दिवस भरत आलेले, म्हणून मावशी तिला माळावर न नेता घरापुढे वाडीच्या कडेला बांधून जायची. दिवसभर दुसऱ्यांची चाळीस गुरं राखायची आणि आपली एक दावणीला. सकाळी पेंढा टाकायची, संध्याकाळी परत यायची. दावं वईपर्यंत पुरत होतं. ते तिला दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. घाणेरीच आहे, खातेय कशाला, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तोडलेली घाणेरी आठ-दहा दिवसांत मरगळते. पानं मऊ पडतात, काळपट होतात आणि त्यांचा वास जातो. ज्या वासाने गाईला सांगायचं की खाऊ नकोस, तोच गप्प होतो. विष मात्र तसंच राहतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं असंही मी म्हणू शकत नाही, कुठल्यातरी पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात मी ते वाचलेलं असणार. पण वाचलेलं आणि दावणीला बांधलेलं यांची माझ्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती.

एक दिवस मी पाड्यावर गेले तर चांदी उन्हाकडे पाठ करून घराच्या भिंतीत तोंड खुपसून उभी होती. मी जवळ गेले. तिचं पांढरं अंग सोलून निघत होतं. केसांसकट कातडीच्या पापुद्र्यांच्या गुंडाळ्या होऊन लोंबत होत्या आणि आत लालभडक मांस. फक्त पांढऱ्या जागी! काळे ठिपके तसेच शाबूत, तुकतुकीत, जणू ते दुसऱ्याच गाईचे होते. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नाकपुडी फुटलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. उन्हाची तिरीप पायावर पडली तरी ती पाय उचलून घ्यायची. मी तोंडावर हात धरून तशीच उभी राहिले. 

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पापणी उलटून पाहिली, वईकडे पाहिलं, वईच्या खालच्या अंगाला ओरबाडलेल्या नागड्या काड्या पाहिल्या. "घाणेरी खाल्लीय. लिव्हर गेलंय. आता ऊन सोसणार नाही तिला, पांढरी कातडी भाजून निघते," ते म्हणाले. आणि मग जरा चिडून, "इथली गुरं खात नाहीत ही. दावणीशी कोणी आणली?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांच्या पिशवीकडे पाहिलं.

चांदीला आडोशाला ठेवलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, सलाइन लावलं. मावशी तिच्या अंगावर ओलं गोणपाट धरून बसायची. पाचव्या दिवशी दुपारी गाय गेली. पोटात वासरू होतं.

मी तिथे होते. मावशी रडली नाही. तिने हात लांब करून वईतली एक वाळकी डहाळी ओढली, चुरगाळली, नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वासच नाय, बाय. ह्याला वासच नाय." ते ती मला सांगत होती की गाईला, मला अजून कळलेलं नाही.

मळणी आटोपल्यावर खळ्यावर पाड्याची सभा बसली. विषय एकच, गोवारी कोण. जिला स्वतःची एक गाय राखता आली नाही तिच्या हाती चाळीस गुरं कशी द्यायची? गाय मरते, वाघ नेतो, साप चावतो, ते नशीब. पण दावणीला बांधून विष घातलं, हे वेगळं. कोणीतरी 'गाय मारली' असा शब्द वापरला. पाड्याचा कारभारी, म्हणजे सगळ्यात वडील माणूस, मान खाली घालून काडीने भुईवर रेघा ओढत होता. वई माझ्या सांगण्यावरून घातली, हे तिथल्या किती जणांच्या लक्षात होतं कोण जाणे. ढिगांवर बोलणं झालं तेव्हा दहा-बारा माणसं होती, सभेला पन्नास. मी कडेला एका पोत्यावर बसले होते. मला तिथे कोणी काही विचारलं नाही आणि बोलू नकोस असंही कोणी सांगितलं नाही. नुसतं उठून एक वाक्य बोलायचं होतं.

मी बोलले नाही. का बोलले नाही, याची उत्तरं मी आठ वर्षं शोधते आहे आणि मला पुष्कळ सापडली आहेत. नोकरी नवी होती. त्यांच्या घरातलं भांडण होतं. मी बाहेरची. प्रकल्पाचं नाव खराब झालं असतं. सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही कामाचं नाही. मावशी सभेत सारखी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला धीर हवा आहे, म्हणून मी तिच्याकडे बघून डोळ्यांनीच 'होईल सगळं नीट' असं काहीतरी केलं. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग अहवाल. तोही कोणी सांगितलं म्हणून नव्हे, माझ्याच अकलेने लिहिला. 'पशुपालकाच्या निष्काळजीपणामुळे.' लिहिताना बोट अडखळलं होतं का? अडखळलं असावं, असं मला आज फार वाटतं. पण खरं म्हणजे आठवत नाही.

आणि आता हा कागद. पाच विषय लिहा.

मी दोन दिवस तो कागद घेऊन घरात फिरत राहिले. विषय सुचत होते, पण ते पाठवण्यासारखे नव्हते. तोडलेल्या घाणेरीचा वास कितव्या दिवशी जातो? बांधलेलं, भुकेलं जनावर तिला कधी तोंड लावतं? 'उपटून जाळा' हे आपण ज्यांना सांगतो त्यांच्याकडे त्या महिन्यात विस्तव पेटवता येतो का? जिथे काही न बोलता 'आम्ही असं करत नाही' म्हणतात, तिथे थांबून का म्हणून विचारायला किती वेळ लागतो? आढाव्याची चाळीस पानं मी शोधली. फवारण्या होत्या, उपग्रहाची चित्रं होती, कीटक होते. गाईच्या मागून चालणारं माणूस एकदाच होतं, तिसऱ्या पानावर, अडथळा म्हणून. मी हबकून गेले. हे शास्त्र शिकत-शिकवत मी चाळिशी ओलांडली होती!

मी पाच ओळी लिहिल्या. सहावी ओळ मागितली नव्हती तरी लिहिली, की तिसऱ्या पानावरचं वाक्य ज्या घटनेवर उभं आहे तिच्यात चूक गुराखी बाईची नव्हती, सल्ला देणारीची होती, आणि ती सल्ला देणारी मी. खाली सही केली, कागद पाठवून दिला. वाटलं, मोकळं वाटेल. कसलं मोकळं! ते वाचणाऱ्यांपैकी एकाच्याही वाडीला वई नव्हती. रविवारी सकाळी मी मासवणला निघाले.

चिल्हार फाट्यावर रिक्षा बदलताना गवताचा एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर गठ्ठ्यातून काटक्या उपटून फेकत होता. "घास में ये जंगली बहुत आने लगा है, मॅडम," तो आपणहून म्हणाला. "भैंस मुँह फेर लेती है, तबेलेवाला गाली देता है." त्या काटक्या रानतुळशीच्या होत्या, बोंडं भरलेल्या. तो त्या जिथे फेकत होता तिथे पुढच्या वर्षी काय उगवणार हे मला दिसत होतं. मी त्याला सांगितलं, फेकू नका, गोळा करा. तो हसला.

पाड्याच्या वरचं माळरान मी ओळखलंच नाही. गवत नव्हतं. डोक्याएवढी घाणेरी, खालपासून वरपर्यंत, मधून एकच पायवाट. बुलबुल त्या काळ्या फळांवर ताव मारत होते. सगळी वईच झाली होती, आत मात्र राखायला काही नव्हतं. पाड्यात मला तीन गुरं दिसली. नवा गोवारी दोन वर्षांत सोडून गेला, मग कोणी आला नाही, मग गुरंच गेली, असं वाटेत भेटलेल्या एका बाईने सांगितलं. गोवारी असता तर तो दरवर्षी चार कोयते माळावर घेऊन गेला असता. कोणाला पडली होती?

मावशी अंगणात सूप घेऊन बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून तिला काही नवल वाटलं नाही.

"ये बाय. बस."

"ओळखलंस?"

"न वलखाया काय झाला? बोयसरला तुला किती येला बगते. मारकिटात, बँकेच्या दारात."

मी चमकले. ती सहा वर्षं रोज बोईसरला येत होती, एका कँटीनमध्ये भांडी घासायला. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मला पाहत होती आणि हाक मारत नव्हती.

आतून तिची सून पाणी घेऊन आली. लग्न होऊन चारेक वर्षं झाली असतील. तांब्या ठेवता ठेवता सासूला म्हणाली, "वाघबारशीची खीर शेजारनीनं दिली व्हती, ती तं कवाच सपली, पाव्हनीला काय देव?" मी विचारलं, का गं, माळावर गेल्या नव्हतात तुम्ही? सून अवघडून म्हणाली, "आत्याला नाय ना बोलवत. गाय मारली ना तिनं. मी लगीन व्हऊन आली तवाच मना सगल्यांनी सांगितला." आणि ती आत निघून गेली. अगदी सहज म्हणाली, सासूचं गाव सांगावं तसं.  मला वाटत होतं की तिचं काम गेलं. तिचं नावच गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

जे सांगायला आले होते ते मी एका दमात सांगून टाकलं. वई मी सांगितली, तू नको म्हणाली होतीस, सभेत मी बोलले नाही, अहवालात मी तुझ्यावर ढकललं. तिने सूप खाली ठेवलं नाही. तांदूळ पाखडत राहिली.

"ठाऊक हाय. कारबाऱ्याला पन ठाऊक व्हता."

"मग तो का नाही बोलला?"

"गुरांसाटी पानीचा हौद यायचा व्हता ना, तुमच्या प्रकल्पातून. तो मना बोलला, बायचा नाव काडशील तं हौद जाईल. मंग मी गप बसली."

हौद आला होता. मीच त्याचा फोटो काढला होता.

"पन तुझ्याकडं बगत व्हती मी," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण सूप थांबलं. "मना वाटला, आमाला हौद पायजे म्हनून आमी गप. ह्या बायला काय पायजे? हिला कोनी गप बस नाय सांगितला. ही बोलंल. आता बोलंल, मंग बोलंल. सबा उटली, तरी मी बगत बसली."

 माफी मागायला मी तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.

"मना काय सांगतेस? मना ठाऊकच हाय." ती उठली, हात पदराला पुसले आणि माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, मोकळ्या सुटलेल्या गुराला धरावं तसं. "चल. आज आयतवार हाय, सगली घरी हायेत."

कारभाऱ्याच्या अंगणात तिने हाक दिली. म्हातारा बाहेर आला, मला पाहून त्याचा चेहरा पडला. "सुनांना बोलव, नातवांना बोलव," ती म्हणाली, "ही बाय काय सांगते ता ऐका." माणसं जमली. एकीच्या हातात पीठ, एक ओल्या केसांची.  मी सांगितलं. सगळं, माझ्या नावानिशी. सुना माझ्याकडे बघत राहिल्या, मग हळूहळू सुकरीमावशीकडे, जणू तिला पहिल्यांदाच पाहत होत्या. पीठवाली म्हणाली, "आमाला तं कोनी बोललाच नाय." म्हाताऱ्याने वाकून भुईवरची एक काडी उचलली.

 वाटलं, आता ती काही बोलेल, निदान माझं मनगट सोडेल. तिने सोडलं नाही. पायरी उतरली आणि मला ओढत वाटेला लागली.

"बिगीन चल," ती म्हणाली. "अजून धा घरां हायेत."